आज्ञापत्र व सत्तावीस वर्षांचें युद्ध
(चाकण-खेड टापूच्या अनुरोधानें एक परीक्षण)

मराठ्यांच्या राजनीतीविषयीं जे थोडे स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध आहेत त्यांत रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्राचें स्थान निःसंशय पहिलें आहे. परंतु या ग्रंथाचा उपयोग करण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे ती चिकित्सेच्या दृष्टीनें निर्दोष नाहीं. शिवछत्रपतींचें राज्यशासन कसें होतें हें सांगावयाचें झालें कीं अभ्यासक आज्ञापत्रांतील एखादा विधि उचलतो, त्यास सभासदाच्या बखरीचा आधार जोडतो, आणि दोन साक्षीदार मिळाले म्हणून सिद्धांत पक्का झाला असें मानतो. सभासदाची बखर इ. स. १६९४ च्या सुमारास जिंजी येथें लिहिली गेली, व आज्ञापत्र इ. स. १७१५-१६ च्या सुमारास करवीरच्या राज्यांत सिद्ध झालें. शिवछत्रपतींचें देहावसान १६८० सालचें. म्हणजे पहिला साक्षीदार चौदा वर्षांनीं व दुसरा पस्तीस वर्षांनीं बोलत आहे. हें अंतर केवळ कालाचें असतें तर त्याची फारशी चिंता करण्याचें कारण नव्हतें. परंतु १६८० सालीं शिवछत्रपतींचा व १७०७ सालीं औरंगजेबाचा, या दोन मृत्यूंमधील सत्तावीस वर्षांत जें युद्ध झालें त्यानें साक्षीदार, साक्षीचा विषय व साक्ष देण्याचें प्रयोजन हीं तिन्ही पालटून टाकलीं. म्हणून आज्ञापत्र हें शिवकालाचें चित्र म्हणून वाचण्यापूर्वीं त्या युद्धाची साक्ष म्हणून वाचलें पाहिजे, हें प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य आहे.

हा विचार केवळ तर्कानें न करितां एका लहानशा टापूच्या अनुरोधानें करूं. पुण्याच्या उत्तरेस व वायव्येस पवनेच्या कांठीं चिंचवड, भीमेच्या कांठीं खेड, आणि दोहोंच्या मधल्या पठारावर चाकणचा भुईकोट, अशीं तीन स्थळें आहेत. आज हा सर्व मुलूख कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कारखान्यांची रांग लागली, व ती पुढें चाकणपर्यंत पोंचली. परंतु नव्या मराठी राज्यावर मोठ्या युद्धाचा काय परिणाम झाला हें पाहण्यास याच टापूइतकें सोयीचें क्षेत्र क्वचित् दुसरें सांपडेल. कारण युद्धापूर्वींचा एक मोठा प्रसंग व युद्धानंतरचा दुसरा मोठा प्रसंग, हे दोन्ही येथें थोड्या कोसांच्या अंतरांत घडले.

पहिला प्रसंग चाकणचा. शाएस्ताखान १६६० च्या मे महिन्यांत पुण्यास आला व जून महिन्यांत त्यानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. किल्ल्यावर फिरंगोजी नरसाळा होता. शिवाजीमहाराज त्या वेळीं पन्हाळ्यावर सिद्दी जौहराच्या वेढ्यांत अडकले होते. जुलैंत ते तेथून निसटून विशाळगडास गेले. अर्थात् चाकणास कुमक पोंचण्याचा संभव नव्हता. तरीही सुमारें पंचावन्न दिवस हा भुईकोट झुंजला. सुरुंगानें बुरूज उडाला, हल्ला झाला, लोक आंतल्या भागांत हटून लढले, आणि ऑगस्टच्या मध्यास किल्ला मोगलांच्या हातीं गेला. मोगल तवारिखेंत त्यांच्या बाजूचे २६८ ठार व ६०० जखमी असा आकडा आहे. मोगलांनीं या स्थळाचें नांव इस्लामाबाद असें ठेविलें. पुढें खानानें फिरंगोजीस बादशाही चाकरीचा लोभ दाखविला व त्यानें तो नाकारला, अशी कथा बखरींतून व ग्रँट डफच्या इतिहासांतून येते. ती कथा बाजूस ठेविली तरी मुख्य गोष्ट उरतेच. राजा दूर, कुमक अशक्य, आणि तरी किल्ला राजाच्या हुकुमानें राखला जातो. त्या किल्ल्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाहीं व दुसऱ्या कोणाचा हुकूम चालत नाहीं.

यानंतर युद्ध याच नद्यांच्या कांठीं कसें फिरत राहिलें तें पाहावें. ११ मार्च १६८९ रोजीं संभाजीमहाराजांचा वध झाला तो भीमा-इंद्रायणीच्या संगमावरील तुळापूरच्या बादशाही छावणींत, असें परंपरा सांगते. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला, येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेंत गेलीं, आणि राजाराममहाराज जिंजीस पोंचले. १७०३ सालीं सिंहगड घेऊन औरंगजेबानें पुण्यास छावणी केली. १७०४ सालीं राजगड व तोरणा घेतल्यावर तो खेडास उतरला व पावसाळ्याचे महिने त्यानें तेथें काढिले. म्हणजे ज्या चाकणसाठीं शाएस्ताखानानें पंचावन्न दिवस घालविले, त्याच्या शेजारीं चव्वेचाळीस वर्षांनीं स्वतः बादशहा बसला होता, आणि तरीही युद्ध संपलें नव्हतें.

दुसरा प्रसंग १७०७ च्या ऑक्टोबरांतील, खेडचा. बादशहाच्या मृत्यूनंतर सुटून आलेल्या शाहूमहाराजांस अडविण्यासाठीं ताराबाईंनीं सेनापति धनाजी जाधव व परशुराम त्रिंबक प्रतिनिधि यांस पाठविलें. भीमेच्या कांठीं गांठ पडली. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें धनाजीचें मन आधींच शाहूकडे वळलें होतें. त्याची फौज लढली नाहीं, आणि परशुरामपंतांस साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली. राज्याचा निकाल लागला तो शस्त्रानें नव्हे, सेनापतीच्या निवडीनें.

या दोन प्रसंगांची तुलना सर्वांशीं सम नाहीं, हें उघड आहे. फिरंगोजीपुढें परका शत्रु होता. धनाजीपुढें एकाच घराण्याचे दोन हक्कदार होते, आणि त्यांत शाहूचा हक्क वडील शाखेचा असल्यानें त्याची निवड अन्याय्यही म्हणतां येत नाहीं. परंतु येथें प्रश्न निष्ठेचा नसून रचनेचा आहे. १६६० सालीं किल्लेदारास निवड करण्याची सत्ता नव्हती. १७०७ सालीं सेनापतीस ती होती, कारण त्याची फौज त्याची स्वतःची होती. ही सत्ता सेनापतीच्या हातीं कोणीं दिली? राजानें राजीखुशीनें दिली नाहीं; युद्धानें देवविली.

त्याची क्रिया अशी. रायगड पडल्यावर खजिना गेला, वसुलाचा मुलूख परचक्राखालीं गेला, व राजा शेंकडों कोसांवर कर्नाटकांत अडकला. रोख वेतन देऊन फौज ठेवावयाची तर रोख नाहीं. तेव्हां सरदारानें स्वतः सावकाराकडून कर्ज काढावें, पथक उभारावें, मुलूख मारावा, व जो हस्तगत होईल त्यांतून आपला खर्च भागवावा, ही रीत पडली. राजाजवळ देण्यासारखें एकच उरलें, तें म्हणजे पुढें मिळणाऱ्या मुलुखाचें आश्वासन. हणमंतराव घोरपडे यांस १६९१ सालीं दिलेल्या पत्रांत रायगड, विजापूर, भागानगर व औरंगाबाद हे प्रांत घेतल्यावर टप्प्याटप्प्यानें, आणि शेवटीं दिल्ली घेतल्यावर, मिळून सहा लक्ष होनांची नेमणूक बोलली आहे. जिंजीस मोगलांची फौज भोंवतालीं असतां दिल्लीच्या नांवें दिलेलें हें वचन वाचून कोणी हंसेल. परंतु तें राजाच्या स्थितीचें अत्यंत प्रामाणिक वर्णन आहे. जें हातांत नाहीं तेंच देतां येतें, आणि तें देऊन राज्य तगवितां येतें.

दुसऱ्या बाजूनें मोगलही देशमुखांस व सरदारांस मनसबी, जहागिरी व वतनाचीं परवानपत्रें देत होते. म्हणून एकाच वतनाचे दोन दाते झाले, व वतनदारास दोन्ही बाजूंशीं घासाघीस करितां येऊं लागली. म्हसवडचे नागोजी माने मोगलांकडून राजारामाकडे आले व पुन्हां मोगलांकडे गेले, हें त्यांतलें एक प्रसिद्ध उदाहरण. प्रत्येक येण्याजाण्याचें मोल वतनानें चुकवावें लागे. या रीतीनें वतन हें युद्धाचें चलन झालें.

आतां आज्ञापत्राकडे वळूं. त्यांतील वतनदारांविषयींचें प्रकरण काळजीपूर्वक वाचणाऱ्यास तीन गोष्टी दिसतील. पहिली अशी कीं ग्रंथकार वतनदारांस केवळ राजाचे चाकर मानीत नाहीं. ते लहान प्रमाणावर स्वतंत्र नायकच आहेत व राज्याचे दायाद आहेत, अशी त्याची धारणा आहे. दुसरी अशी कीं परचक्र आलें असतां हे लोक वतनाच्या लोभानें आधींच शत्रूस जाऊन भेटतात व इकडचें मर्म तिकडे सांगतात, असा त्याचा स्पष्ट आरोप आहे. तिसरी अशी कीं एवढें असूनही वतनें खालसा करावीं असें तो सांगत नाहीं; त्यांस गोडीनें व दंडानें ताब्यांत ठेवावें, एवढेंच सांगतो. हा क्रम शास्त्रग्रंथांतून आलेला नाहीं. कौटिल्याच्या किंवा कामंदकाच्या पंक्तींत बसणारा सामदंडाचा सांगाडा येथें असेल. परंतु त्यांतलें मांस १६८९ नंतरचें आहे. वतनदार शत्रूस आधीं भेटतो हें वाक्य ज्यानें लिहिलें त्यानें तें प्रत्यक्ष पाहिलें होतें, आणि वतनें मोडतां येत नाहींत हेंही त्यास अनुभवानें कळलें होतें.

वृत्ति व इनामें यांविषयींचें प्रकरण याहून बोलकें आहे. चाकरास कामगिरीबद्दल वेतन वाढवावें, रोख बक्षीस द्यावें, पण भूमि देऊं नये. कारण तसें थोडें थोडें देत गेल्यास राज्यच संपतें, असा त्याचा आशय आहे. हा नियम शिवशाहीचा म्हणून उद्धृत केला जातो. परंतु तो सांगणारा कोण? १६८९ पासून राजाराममहाराज जिंजीस असतां ‘हुकुमतपनाह’ या अधिकारानें महाराष्ट्राचा कारभार ज्यानें चालविला, आणि राजाच्या नांवें वतनें व इनामें देण्याचा व्यवहार ज्याच्या हातून झाला, तोच हा रामचंद्रपंत. त्याच्या वंशाकडेही बावड्याची जहागीर पिढ्यान् पिढ्या चालली. यावरून कोणी त्याच्यावर दांभिकपणाचा आक्षेप घेईल. आमच्या मतें तो अप्रस्तुत आहे. ज्या औषधानें रोगी वांचविला त्याचाच विकार रोग्यास जडलेला पाहून वैद्यानें पुढील वैद्यांस सावध करावें, तसें हें लिहिणें आहे. पण म्हणूनच या नियमावरून शिवकालीं भूमिदान होत नव्हतें असें अनुमान काढणें चुकीचें ठरतें. निषेध हा बहुधा प्रचाराचा पुरावा असतो. आणि येथें तो १६८९ ते १७१५ या काळांतील प्रचाराचा पुरावा आहे.

सावकारांचें प्रकरणही याच दृष्टीनें वाचावें. सावकार हे राज्याची शोभा, संकटकाळीं पैसा त्यांच्याकडून उभा राहतो, सबब त्यांस सांभाळावें, हा उपदेश कर्जावर चाललेल्या युद्धाचाच निष्कर्ष आहे. दुर्गांचें प्रकरण तर १६९९ ते १७०४ या वर्षांचें भाष्यच होय. त्या अवधींत बादशहानें सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड व तोरणा हे गड एकामागून एक घेतले, आणि या गडांपायीं त्याचीं वर्षें खर्ची पडलीं. गड हेंच राज्याचें सार, हें सूत्र पराभवांच्या या मालिकेंतूनच तेजस्वी झालें.

सभासदाची स्थिति निराळी. तो जिंजीस राजारामाच्या आज्ञेनें थोरल्या महाराजांचें चरित्र लिहीत आहे. देशमुख-पाटलांचे वाडेकोट पाडिले, त्यांचे हक्क बांधून दिले, रयत त्यांच्या हातून सोडविली, फौजेस रोख वेतन दिलें, असें तो सांगतो, आणि दोनशें चाळीस गडांची व भांडाराची गणना देतो. हा सर्व मजकूर खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या दरबाराजवळ खजिना उरला नव्हता व ज्याचे गड धोक्यांत होते किंवा गेले होते, त्या दरबारांत बसून केलेली ही मोजदाद आहे, हें विसरतां कामा नये. वडिलोपार्जित घर गहाण पडल्यावर त्यांतील खांबांची संख्या मुलांस सांगावी, तशी तिची जात आहे. सभासदानें जें हरवलें त्याची यादी केली. अमात्यानें जें पुन्हां हरवूं नये त्याचे नियम केले. दोघांचें शिवकालाविषयींचें एकमत दिसतें तें त्यामुळें. दोन्ही ग्रंथांस युद्धानें एकच प्रश्न विचारला होता.

याविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला न्यायमूर्ति रानड्यांच्या १९०० सालच्या ग्रंथावरून घेतां येईल: राजा, खजिना व राजधानी गेल्यावरही लोक लढले, यावरून या युद्धानें राज्य बिघडविलें नसून राष्ट्र घडविलें. दुसरा अगदीं अलीकडचा. आंद्रे विंक यांनीं १९८६ सालच्या ग्रंथांत असें मांडलें आहे कीं फितवा, फोडाफोड व वतनाची देवघेव ही राज्याची विकृति नव्हे, ती त्या काळच्या सत्तेच्या वाढीची नेहमींचीच पद्धति होती. दोन्ही मतांत तथ्य आहे. शिवाजीमहाराजांनींही इनामें दिलीं, वतनें चालविलीं. वतनसंस्था त्यांच्याहून जुनी आहे. आणि वतनाच्या आशेनें कां होईना, ज्या शेंकडों घराण्यांचा स्वार्थ राज्याशीं जोडला गेला, त्यांच्यामुळेंच बादशहास शेवटपर्यंत विजय मिळाला नाहीं. एक राजधानी घेतां येते. शेंकडों वाडे घेतां येत नाहींत.

परंतु या दोन्ही मतांनीं एक गोष्ट झांकली जाते. ज्या कारणानें राज्य वांचलें त्याच कारणानें तें पूर्ववत् होऊं शकलें नाहीं. युद्ध संपल्यावर तात्पुरती सोय काढून घेतां आली नाहीं. ती घटना झाली. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या, तेव्हां चौथाईची वांटणी कशी ठरली पाहावी. शंभर भागांपैकीं राजबाबती पंचवीस, पंतसचिवाची साहोत्रा सहा, राजाच्या मर्जीनुसार द्यावयाची नाडगौडी तीन, आणि उरलेले सहासष्ट भाग मोकासा म्हणून सरदारांचे. जिंजीच्या वेढ्यांत गरज म्हणून जें बोललें गेलें, तें तीस वर्षांच्या आंत शेंकडेवारीनें हिशेबांत बसलें. आज्ञापत्रांतील निषेध या वांटणीच्या तीन-चार वर्षें आधींचा आहे. त्याचें कोणीं ऐकिलें नाहीं, कारण ऐकूं शकणारा राजा युद्धानें शिल्लक ठेविला नव्हता.

येथवरच्या विवेचनाचा संग्राहकांशीं जो संबंध आहे तो सांगून लेख पुरा करूं. वर जें अनुमान केलें त्याची खरी कसोटी ग्रंथांत नसून घरोघरच्या रुमालांत आहे. चिंचवडच्या देव घराण्यास मोगल व मराठे या दोन्ही सत्तांकडून इनामांच्या सनदा मिळत गेल्या. लॉरेन्स प्रेस्टन यांनीं १९८९ सालच्या आपल्या ग्रंथांत या घराण्याचा व राज्यसत्तेचा संबंध सविस्तर तपासला आहे. अशा दप्तराचें मोल एखाद्या सुट्या सनदेंत नसतें; एकाच गांवाबद्दल मूळ सनद, मग मोगलांचा फारशी परवाना, मग राजारामाचें किंवा ताराबाईचें पत्र, मग शाहूची नवी करून दिलेली सनद व शेवटीं तंट्याचा महजर, या मालिकेंत तें असतें. सत्ता किती वेळां बदलली, कोणत्या वर्षीं कोणाचा भरंवसा वाटला, काय देऊन काय मिळविलें, हें मालिकेवरूनच कळतें.

दुर्दैवानें आपली संग्रहाची रुचि याच्या उलट आहे. शिवकालीन शिक्क्याचा कागद असेल तर त्यास मान व किंमत. राजाराम-शाहूंच्या ‘पुन्हां करून दिलेल्या’ सनदा म्हणजे पुनरुक्ति, अशी समजूत आहे. या समजुतीस जुनें कारणही आहे. १८५२ च्या इनाम कमिशनानें भोगवट्याचा पुरावा मागितल्यावर घराण्यांनीं सर्वांत जुना कागद तेवढा जिवापाड जपला, आणि तंट्यांत प्राचीनत्वाचें वजन असल्यामुळें बनावट कागदही जुन्या तारखांचेच अधिक झाले. म्हणून जुना कागद जितका हवासा तितका तो संशयास्पद, व ज्या मधल्या कागदाचा कोणास लोभ नव्हता तो तितकाच विश्वसनीय, हा नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

चिंचवड-चाकण-खेड टापूंत जुने वाडे पडून त्यांच्या जागीं इमारती उठत आहेत, आणि वाड्याबरोबर रुमाल सुटतो. जमिनीस भाव आल्यावर कागद विकला जातो तो निवडून: शिक्क्याचा एकाकडे, फारशी दुसऱ्याकडे, आणि उरलेला रद्दींत. अशा वेळीं संग्राहकांनीं एवढेंच करावें कीं रुमाल सोडण्यापूर्वीं त्यांतील कागद ज्या क्रमानें आहेत त्या क्रमानें यादी करावी, प्रत्येकाची मिति, शिक्का, देणारा व घेणारा नोंदवावा, आणि मग वाटेल तर विभागणी करावी. कागद पुढें दहा ठिकाणीं गेले तरी यादी असल्यास मालिका पुन्हां जुळवितां येते. यादी नसल्यास दहाही कागद मुके होतात. शिवछत्रपतींनीं राज्य कसें उभारलें हें सांगणारे कागद आपण पुष्कळ जपले. तें राज्य सत्तावीस वर्षांच्या युद्धांतून निराळें होऊन कसें बाहेर पडलें हें सांगणारे कागद अद्याप वाड्यांच्या माळ्यांवर आहेत, आणि आज्ञापत्राचा खरा अर्थ लावण्याचें साधन तेंच आहे.